पहिलं क्वांटम सर्किट : हॅडमार्ड लावून ५१२-५१२ काहून येईना?

परभणीचा_फिजिक्सवाला
राम राम मंडळी. बीएस्सी थर्ड इयरला आहे, फिजिक्स. सुट्टीत क्वांटम कॉम्प्युटिंग शिकायलोय. लॅपटॉपवर किस्किट (क्वांटम सर्किट लिहायचं सॉफ्टवेअर) टाकलं आणि पहिलं सर्किट बनवलं, एकच क्युबिट (म्हणजे क्वांटम बिट), त्याच्यावर हॅडमार्ड गेट (गेट म्हणजे क्युबिटवर करायची एक क्रिया), मग मापन, बस एवढंच. पुस्तकात लिहिलंय ० आणि १ येण्याची शक्यता अर्धी अर्धी. मी १०२४ शॉट्स दिले तर ० आले ४८९ आणि १ आले ५३५. परत चालवलं तर परत वेगळेच आकडे. ५१२-५१२ काही येईना. खरी मशीन असती तर म्हणलं असतं की गोंगाट असेल, पण हा तर सिम्युलेटर आहे, सगळं गणितानंच चालतंय, मग अर्ध्याचं बरोबर अर्धं काहून येत नाही? कोणाला नीट माहीत असेल तर सांगा, आमच्याकडं हे विचारायला कोणी नाही.

लातूरचे_गणितसर
तुझं सर्किट एकदम ठीक आहे, आकडे पण ठीक आहेत. आधी शॉट म्हणजे काय ते पक्कं करून घे. एक शॉट म्हणजे क्युबिट नव्यानं ० वर आणायचा, त्याच्यावर सगळे गेट चालवायचे, शेवटी मोजायचं आणि हातात एकच उत्तर घ्यायचं, ० नाहीतर १. अर्धा कधीच येत नसतो. असं १०२४ वेळा. आणि पाचशेव्या शॉटला आधीच्या चारशे नव्व्याण्णव शॉट्समध्ये काय आलं ते अजिबात माहीत नसतं, त्यामुळं "शून्य कमी पडायलेत, चला भरून काढू" असं करणारं आत कोणी नाही.

मग आकडा किती इकडंतिकडं हलणार? हे अकरावी-बारावीचं द्विपद वितरण आहे. शॉट्सची संख्या गुणिले शक्यता गुणिले उरलेली शक्यता, आणि त्याचं वर्गमूळ. १०२४ गुणिले अर्धा गुणिले अर्धा म्हणजे २५६, वर्गमूळ १६. हा १६ म्हणजे तुझा सिग्मा, प्रमाण विचलन. शंभरातून साधारण पंच्याण्णव वेळा आकडा दोन सिग्माच्या आत पडतो, म्हणजे ४८० ते ५४४. तुझे ४८९ त्यात बसले की नाही? बरोबर ५१२ च येण्याची शक्यता काढून बघ, साधारण अडीच टक्के निघते, म्हणजे सर्किट चाळीस वेळा चालवलं तर सरासरी एखाद्या वेळी. दर वेळी ५१२ येत असते तर मीच म्हणलो असतो की बाबा कोड तपास.

शॉट्स वाढव, टक्केवारी पन्नासकडं सरकताना दिसेल, पण हळू. चूक निम्मी करायची तर शॉट्स चौपट लागतात. एक लाख शॉट्सला सिग्मा येतो १५८ च्या आसपास. आकडा म्हणून १५८ हा १६ पेक्षा मोठा, पण लाखात तो ०.१६ टक्काच आहे, १०२४ मध्ये १६ म्हणजे १.५६ टक्के होता. मुलं इथं नेहमी अडतात, फरक वाढायलाय का कमी होयलाय म्हणून, तर मोजणीतला फरक वाढतो आणि प्रमाणातला कमी होतो, दोन्ही एकाच वेळी खरं आहे.

जालना_कोडर
सरांनी सांगितलं त्यात एक भर. नेमका अर्धा बघायचाच असेल तर मापन टाकूच नको. स्टेटव्हेक्टर (मोजायच्या आधीची क्युबिटची पूर्ण अवस्था) घे आणि त्याच्याकडून शक्यता माग, सरळ ०.५ आणि ०.५ देतो, कितीही वेळा चालव. शॉट्सवाला आकडा म्हणजे त्या शक्यतेतून काढलेला नमुना. आणि जुने व्हिडिओ बघत असशील तर त्यात एक्झिक्यूट नावाचं फंक्शन असतं, ते किस्किट १.० पासून म्हणजे २०२४ पासून काढून टाकलंय, त्याच्यावर वेळ घालवू नको. सिम्युलेटर एअर नावाच्या वेगळ्या पॅकेजात आहे, ते वेगळं टाकावं लागतं.

परभणीचा_फिजिक्सवाला
सर खूप छान समजलं, १६ चं गणित स्वतः करून बघितलं. जालन्याच्या दादांचं स्टेटव्हेक्टर पण चालवलं, ०.५ आलं.

आता खरा प्रश्न. समजा हॅडमार्ड म्हणजे टॉस. मग मी लागोपाठ दोन हॅडमार्ड लावले, मध्ये काही नाही, शेवटी मापन. टॉस दोनदा केला तरी पन्नास-पन्नासच राहायला पाहिजे. पण इथं १०२४ च्या १०२४ शून्य! एक पण १ नाही. सिग्मा-बिग्मा काही नाही, सपाट शून्य. पहिल्या टॉसनं जे रँडम झालं ते दुसऱ्या टॉसनं परत सरळ कसं काय झालं?

मांजराकाठची
हा प्रश्न तुला पहिल्याच आठवड्यात पडला हे फार चांगलं झालं, कारण सगळी गोष्ट इथंच आहे. मी मूळ बीड जिल्ह्यातली, आता पुण्यात फिजिक्समध्येच संशोधन करते, तर जरा सविस्तर लिहिते, कंटाळू नको.

हॅडमार्ड हा टॉस नाही. टॉस झाला की नाणं एका बाजूवर पडलेलं असतं, आपण हात उघडला नाही एवढंच. हॅडमार्डनंतर क्युबिट कुठल्याच बाजूवर पडलेला नसतो. त्याच्याकडं दोन आकडे असतात, एक ० चा, एक १ चा, त्यांना अँप्लिट्यूड म्हणतात, मराठीत आयाम म्हण. पहिल्या हॅडमार्डनंतर दोन्ही आयाम ०.७०७ असतात, म्हणजे १ भागिले मूळ २. हे शक्यता नाहीत, बघ बेरीज १.४१४ होते. शक्यता काढायची तर प्रत्येकाचा वर्ग, ०.५ आणि ०.५, मग बेरीज १. हा वर्गाचा नियम मॅक्स बॉर्ननं १९२६ साली मांडला, आणि गंमत वाटेल पण मूळ लेखात वर्गाची गोष्ट त्यानं प्रूफ तपासताना तळटीपेत घातली होती, त्याच कामाबद्दल पुढं १९५४ ला नोबेल मिळालं.

आता मुख्य गोष्ट. वर्ग शेवटी करायचा, मोजताना. मधल्या गेट्सना शक्यता काय ते माहीतच नसतं, ते आयामांवर काम करतात. आणि आयाम ऋण असू शकतो. शक्यता कधी ऋण असते का? नाही. हाच सगळा फरक आहे.

हॅडमार्ड काय करतो ते वहीत लिही. ० ला तो ०.७०७ गुणिले ०, अधिक ०.७०७ गुणिले १ असं करतो. १ ला तो ०.७०७ गुणिले ०, उणे ०.७०७ गुणिले १ असं करतो. तो एक उणे विसरू नको, तुझं उत्तर त्याच्यात आहे.

दुसरा हॅडमार्ड लाव. शेवटी ० ला पोचायचे दोन रस्ते, ० वरून आणि १ वरून. दोन्हीकडून ०.७०७ गुणिले ०.७०७ म्हणजे अधिक ०.५. बेरीज १. शेवटी १ ला पोचायचे पण दोनच रस्ते, ० वरून अधिक ०.५, पण १ वरून उणे ०.५. बेरीज शून्य. आता कर वर्ग, ० ची शक्यता १, आणि १ ची शक्यता ०. म्हणून एकही १ आला नाही.

शेतात बांधावरून वीस पावलं आत गेलास आणि वीस पावलं माघारी आलास तर चाललास चाळीस, पण उभा बांधावरच. आयामांची बेरीज ही उभं कुठं आहेस त्याची बेरीज, शक्यतांची बेरीज ही चाललास किती त्याची. टॉसमध्ये नुसतं चालणंच मोजलं जातं, माघारी येणं नसतंच, म्हणून टॉसनं झालेलं रँडम टॉसनं कधी परत फिरत नाही.

परभणीचा_फिजिक्सवाला
ताई वहीत केलं आत्ता. म्हणजे पहिल्या हॅडमार्डनंतर ते रँडम झालंच नव्हतं?

मांजराकाठची
नव्हतं झालं. रँडम मोजताना होतं. आणि हे माझ्या शब्दावर मानू नको, करून बघ. दोन हॅडमार्डच्या मध्ये एक मापन टाक. पण उत्तर लिहून ठेवायला दोन क्लासिकल (साधे) बिट घे, नाहीतर दुसरं मापन पहिल्याच्या जागेवर लिहिलं जाईल आणि मधलं उत्तर पुसलं जाईल. मग सांग काय येतंय.

परभणीचा_फिजिक्सवाला
केलं. ०० : २४९, ०१ : २६८, १० : २५५, ११ : २५२. चौघं पण २५६ च्या जवळ!! नुसतं मध्ये मोजलं तर सगळं बदललं. गेट तेच, क्रम तोच.

लातूरचे_गणितसर
इथं सिग्मा परत काढ, १६ घेऊ नको. शक्यता आता पाव आहे, १०२४ गुणिले पाव गुणिले पाऊण म्हणजे १९२, वर्गमूळ चौदाच्या जरा खाली. सगळ्यात लांबचा तुझा २६८, तो १२ नं लांब. चालतंय.

मांजराकाठची
आणि बघ, आता मात्र हिशेब टॉससारखाच झाला. मध्ये मोजलं की क्युबिट ० तरी होतो नाहीतर १ तरी, दुसरा रस्ता उरतच नाही, मग कोणाशी वजाबाकी होणार? अर्ध्याचं अर्धं आणि परत अर्ध्याचं अर्धं. आणखी एक कर, मापन काढून दोन हॅडमार्डच्या मध्ये झेड गेट टाक. झेड फक्त १ च्या आयामाचं चिन्ह फिरवतो. झेडनंतर लगेच मोजलंस तर ५०-५० च दिसेल, काही झालंच नाही असं वाटेल, कारण वर्गात उणे दिसत नाही. पण पुढचा हॅडमार्ड लावला की सगळे १०२४ एकवर जातात. मोजणीला न दिसणारी गोष्ट पुढच्या गेटला दिसते. क्वांटम अल्गोरिदम जेवढे आहेत ते याच्यावरच उभे आहेत, चुकीच्या उत्तराचे आयाम एकमेकांत मिटवायचे आणि बरोबरच्यांची भर पडू द्यायची.

अजून एक. खऱ्या मशीनवर हे करायला जाशील तर दोन हॅडमार्डच्या मध्ये बॅरिअर (इथं गेट एकत्र करू नको अशी खूण) टाक, नाहीतर ट्रान्सपायलर, म्हणजे सर्किट मशीनसाठी बदलून देणारा प्रोग्राम, दोन्ही गेट बघून म्हणतो हे एकमेकांना मिटवतात आणि मशीनवर पाठवायच्या आधीच काढून टाकतो. मग तू मोकळा क्युबिट मोजत बसतोस आणि वाटतं प्रयोग झाला.

नांदेड_०२४६२
मी पण हेच शिकायलेय, मध्ये घुसते. मला अर्धी अर्धी शक्यता हॅडमार्डऐवजी आरवाय गेटनं (दिलेल्या कोनात क्युबिट फिरवणारा गेट) काढायची होती. तर १ येयलेत ७४२ आणि ० येयलेत २८२. याला पण नमुन्यातला फरक म्हणायचं का सर?

लातूरचे_गणितसर
नाही. ५१२ पासून २३० लांब आहे, सोळानं भाग, चौदा सिग्माच्या वर गेलं. एवढं योगायोगानं होत नसतं. सर्किट तू सांगितलं ते करत नाहीये. गेटला कोन काय दिलाय?

नांदेड_०२४६२
९०. नव्वद अंशाला अर्धं अर्धं होतं म्हणून.

जालना_कोडर
त्याला अंश कळत नाहीत, रेडियन लागतात. पाय (π) भागिले २ दे.

मांजराकाठची
आणि ७४२ कुठून आले ते पण बघून घे ताई, आकडा वाया घालवू नको. आरवायनंतर १ ची शक्यता म्हणजे अर्ध्या कोनाच्या साइनचा वर्ग. तू ९० रेडियन दिलेस, अर्धा ४५ रेडियन, कॅल्क्युलेटर रेडियनवर ठेवून ४५ चा साइन घे, साधारण ०.८५१, वर्ग ०.७२४. गुणिले १०२४, ७४१. सिम्युलेटरनं तू विचारलं त्याचं तंतोतंत उत्तर दिलं. कोन अर्धा का होतो ते ब्लॉख गोलावर (क्युबिटची अवस्था गोलावरचा बिंदू म्हणून दाखवायची आकृती) नीट समजतं, तिथं ० वरच्या टोकाला आणि १ खालच्या टोकाला, मध्ये १८० अंश, पण आयामांच्या हिशेबात दोघं काटकोनात. पाय भागिले ३ देऊन बघ, बरोबर पाव यायला पाहिजे.

नांदेड_०२४६२
२६१ आले पाय भागिले ३ ला. आणि ४५ रेडियनचं पण जुळलं. आभारी आहे ताई.

जालना_कोडर
एक शंका माझी पण, मी कोडिंगवाला आहे, फिजिक्स बारावीपर्यंतच. सिम्युलेटर तर आतमध्ये स्यूडोरँडम (सूत्रानं काढलेले, नुसते रँडम दिसणारे) आकडेच काढतो ना. सीड, म्हणजे त्या सूत्राचा सुरुवातीचा आकडा, ठरवून दिलं की दर वेळी तेच ४८९-५३५ येतात, मी करून बघितलंय. मग खऱ्या मशीनमध्ये पण असंच आत कुठंतरी सीड असेल, आपल्याला माहीत नाही एवढंच, असं काहून नाही?

मांजराकाठची
सिम्युलेटरबद्दल शंभर टक्के बरोबर. तो आधी आयाम काढतो, वर्ग करतो, आणि मग स्यूडोरँडम आकड्यानं नमुना उचलतो. क्वांटम गणित खरं, रँडमपणा नकली. शिकायला तेवढं पुरतं.

खऱ्या मशीनचा प्रश्न फार मोठ्या लोकांनी विचारलेला आहे. आत काहीतरी लपलेलं ठरलेलं असेल ही शंका आइनस्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन यांच्या १९३५ च्या लेखात आहे. १९६४ ला जॉन बेलनं दाखवलं की प्रत्येक कणाजवळ आधीच ठरलेलं उत्तर असेल आणि एकाकडची खबर दुसऱ्याकडं प्रकाशापेक्षा वेगानं जात नसेल, तर मोजमापांमधल्या संबंधांना एक मर्यादा पडते. प्रयोगांत ती मर्यादा ओलांडली जाते. आस्पे, क्लाउझर आणि त्सायलिंगर यांना २०२२ चं नोबेल या कामासाठीच मिळालं. म्हणजे प्रत्येक क्युबिटच्या पोटात साधं सीड ठेवलंय हे चित्र टिकत नाही.

परभणीचा_फिजिक्सवाला
बेलचं सर्किट केलं मी, दोन क्युबिट, पहिल्यावर हॅडमार्ड मग सीनॉट (पहिला १ असेल तरच दुसऱ्याला उलटवणारा गेट). फक्त ०० आणि ११ येतात, ०१, १० एकदा पण नाही. पण एकेकटा क्युबिट बघितला तर पन्नास-पन्नासच.

लातूरचे_गणितसर
म्हणून दोन क्युबिटच्या वेळी एकेकाचे टक्के लिहून थांबायचं नाही, जोडीचा तक्ता मांडायचा. माहिती जोडीत आहे.

जालना_कोडर
आणि किस्किटमध्ये उत्तर उजवीकडून वाचायचं, सगळ्यात उजवा बिट म्हणजे शून्य नंबरचा क्युबिट. ०० आणि ११ मध्ये हे कळत नाही, पण ०१ दिसायला लागलं की उलटं वाचलं जातं. खऱ्या मशीनवर बेल सर्किट चालवशील तर थोडे ०१ आणि १० येणारच, वाचन चुकतं, गेट चुकतात, त्यानं गोंधळू नको.

औंढ्याजवळचा
मी हिंगोली जिल्ह्यातला, शेती आणि खाजगी क्लास. सगळा धागा वाचला. आमच्याकडं औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया, म्हणजे गुरुत्वीय लहरींची वेधशाळा, होयलंय, एप्रिल २०२३ ला मंत्रिमंडळानं २६०० कोटी मंजूर केले, त्याच महिन्यात राष्ट्रीय क्वांटम मिशन पण मंजूर झालं ६००३ कोटींचं. पोरं मला विचारतात सर तिथं नेमकं काय मोजणार. लेझर आणि आरसे इथपर्यंत सांगतो मी. पण सरांनी ते वर्गमूळवालं सांगितलं तेव्हा वाटलं की तिथं पण फोटॉन मोजतात म्हणजे हाच हिशेब लागत असेल का?

मांजराकाठची
काका, तोच लागतो, आणि तुमच्या क्लासमध्ये हे नक्की सांगा. गुरुत्वीय लहर आली की चार किलोमीटरच्या दोन भुजांच्या लांबीत प्रोटॉनच्या आकारापेक्षाही कितीतरी कमी फरक पडतो आणि तो शेवटी प्रकाशाच्या कमीजास्त होण्यावरून ओळखायचा असतो. फोटॉन एकेक करून येतात, त्यांची मोजणी पण हलते, आणि ती हलते फोटॉनच्या संख्येच्या वर्गमुळाएवढी. त्याला शॉट नॉइज म्हणतात. फोटॉन चौपट केले तर सापेक्ष चूक निम्मी, परभणीच्या भावाच्या १०२४ शॉट्ससारखंच. म्हणून तिथं लेझरची ताकद एवढी वाढवतात. पण ताकद वाढवली की फोटॉन आरशांनाच ढकलायला लागतात, मग वेगळा गोंगाट येतो, म्हणजे नुसतं वाढवत जाऊन पण भागत नाही.

आणि पुढची गोष्ट जास्त भारी आहे. क्युबिटच्या मोजणीत अर्ध्या शक्यतेला १६ चा सिग्मा येतोच, पण प्रकाशाच्या बाबतीत अनिश्चितता एका बाजूनं दाबून दुसऱ्या बाजूला ढकलता येते, त्याला स्क्वीझ्ड लाइट म्हणतात. अमेरिकेतले दोन्ही लायगो २०१९ पासून निरीक्षणात हे वापरतात.

औंढ्याजवळचा
लिहून घेतलं ताई. दहावीच्या पोरांना नाण्यावरून सुरू करून फोटॉनपर्यंत नेतो.

मांजराकाठची
न्या काका, फक्त क्युबिटला नाणं म्हणू नका, दोन हॅडमार्डवाली गोष्ट लगेच सांगा.

परभणीकर, तुला एक शेवटचं गणित. दोन हॅडमार्डच्या मध्ये टी गेट टाक. टी १ च्या आयामाला ४५ अंशानं फिरवतो, म्हणजे आता आयाम संमिश्र संख्या झाला आणि नुसता वर्ग चालणार नाही, मापांकाचा वर्ग घ्यायचा. चालवायच्या आधी वहीत काढ १ किती यायला पाहिजेत आणि सिग्मा किती, मग चालव. आधी कागद, मग कॉम्प्युटर.

परभणीचा_फिजिक्सवाला
ताई झालं. १ ची शक्यता म्हणजे साडेबावीस अंशाच्या साइनचा वर्ग, ०.१४६. गुणिले १०२४, १५०. सिग्मासाठी ०.१४६ गुणिले ०.८५४ म्हणजे जवळजवळ बरोबर एक अष्टमांश, गुणिले १०२४ म्हणजे १२८, वर्गमूळ ११.३. म्हणून १२७ ते १७३ मध्ये यायला पाहिजे असं आधी वहीत लिहून ठेवलं. चालवलं तर १५८.

टीच्या जागी एस (म्हणजे लागोपाठ दोन टी) टाकला तर परत पन्नास-पन्नास होयलंय, वहीत पण तेच निघालं, (१ अधिक i) भागिले २ आणि (१ उणे i) भागिले २, i म्हणजे उणे एकचं वर्गमूळ, दोघांच्या मापांकाचा वर्ग अर्धा. म्हणजे टी चारदा लावला की झेड होतो, आणि झेडला सगळे १ येतात हे तुम्ही सांगितलंच होतं, तर मग एक टी, दोन टी, तीन टी, चार टी असं करत १ ची शक्यता ०.१४६, ०.५, ०.८५४, १ अशी चढायला पाहिजे. तीन टीवालं अजून चालवलं नाही, ८७४ च्या आसपास येईल, सिग्मा तोच ११.३. आता लाइट गेली, आली की टाकतो.

लातूरचे_गणितसर
८७४ बरोबर आहे. सिग्मा तोच का राहिला ते पण लिही आकडा टाकताना.